पाठीवर पारा

तुमच्या पाठीवर काचेची नळी आहे आणि ती उलटी बांधलेली आहे. बाहेर चामड्याचं घर, आत लाकडी खोबण, खोबणीत नळी, नळीत पारा. सरळ धरून चाललात तर प्रत्येक हिसक्याला पारा उसळून बंद टोकावर आपटेल आणि काच फुटेल. उलटी धरली की सगळा पारा टोकाशी गच्च बसतो, त्याला हलायला जागाच उरत नाही. मुकादमानं हे काही समजावून सांगितलेलं नाही. तो एवढंच म्हणाला, "डोस्कं फुटलं तरी चालंल, नळी फुटता कामा नये."

जागा बेलपाडा. आजच्या हिशेबानं ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका; तेव्हाच्या हिशेबानं नुसतं तळकोकण. समोर पूर्वेला अर्धं आभाळ खाऊन हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा उभा आहे, मधे आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. महिना आश्विन. साल १८२५ ते १८३० मधलं कुठलंही धरा. पेशवाई बुडून दहाएक वर्षं झाली आहेत आणि मुंबई सरकारनं दख्खनची मोजदाद करायला एक साहेब नेमला आहे. गावं मोजा, पिकं मोजा, पक्षी मोजा, आणि जमलं तर हवाही मोजा. साहेबाचं नाव विल्यम हेन्री साइक्स. पुढे तो कर्नल होईल, रॉयल सोसायटीचा फेलो होईल, ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही होईल, पण अजून त्यातलं काही झालेलं नाही. १८१७–१८च्या लढायांत डोंगरी किल्ले घेणाऱ्या फौजेत तो होता. आता तेच डोंगर तो पाऱ्यानं घेतो आहे.

साहेब वर गडावर आहे. त्याच्यापर्यंत ही नळी पोचवायचं काम तुमचं.

निघण्याआधी कारकून घाई करू देत नाही. तिकाटण्यावर दुसरी नळी टांगलेली आहे. ती इथंच राहणार. तो डोळा पाऱ्याच्या रेषेत आणतो, श्वास धरतो, आकडा लिहितो. एकोणतीस इंचांच्या थोडं वर. मग तीन दगडांच्या चुलीवर पत्र्याचं उंच, निमुळतं भांडं चढतं. भांड्यात पाणी, पाण्याच्या वाफेत थर्मामीटर. पाणी खळखळलं की पारा २११ अंश फॅरनहाइटच्या जवळ येऊन थांबतो. समुद्रकाठी तो २१२वर थांबला असता. म्हणजे तुम्ही समुद्रापासून आधीच थोडे उचलले गेला आहात, पायांना त्याचा पत्ता नसला तरी.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. हेक्टोपास्कल ठाऊक आहे, उपग्रह ठाऊक आहे. पण इथं बोलू नका. बिगाऱ्यानं बोललेलं कोणी लिहून घेत नाही.

दहाच्या सुमाराला तुम्ही निघता. वेळ कारकुनानं ठरवली आहे आणि त्यामागे साइक्सचा एक मोठा नाद आहे. दख्खनमध्ये त्यानं दिवसामागून दिवस पारा वाचला, तेव्हा त्याला दिसलं की पारा समुद्रासारखा भरती-ओहोटीनं चढतो आणि उतरतो. सकाळी नऊ-दहाला वर, दुपारी चार-पाचला खाली, रात्री दहाच्या पुढे पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. आभाळ निरभ्र असो की भरलेलं, दिवसातून दोनदा, घड्याळ लावावं तसं. फरक इंचाच्या दहाव्या भागाएवढा. एवढ्याशा फरकानं काय बिघडतं, असं वाटेल. पण तुम्ही दहाला निघून चारला वर पोचलात, तर चढण्यामुळे उतरलेल्या पाऱ्यात ही ओहोटीही मिसळते आणि डोंगर कागदावर शंभरेक फुटांनी उंच होतो. एकट्या नळीचा भरवसा धरता येत नाही तो यासाठी. खाली कोणीतरी त्याच वेळी बघत बसलेलं हवं. कारकुनाचं आजचं काम ते. झाडाखाली बसून तो दिवसभर तासातासाला आकडे लिहील आणि संध्याकाळी तुमच्यापेक्षा जास्त दमलेला असेल.

वाट साधले घाटाची. पुढे महादेव कोळी वाटाड्या, वयानं तुमच्यापेक्षा मोठा, कमरेला कोयता. भातखाचरांमधून जाताना हळव्या भाताचा वास नाकात बसतो. बांधावर दव अजून आहे, कारण कडा पूर्वेला असल्यानं इथं ऊनच उशिरा उतरतं. माथ्यावर सकाळ होऊन दोन घटका झाल्या तरी बेलपाड्याची पहाट चालूच असते. कड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची ही एक वेगळीच वेळ आहे, आणि ती कुठल्याही पंचांगात नाही.

पळस, साग, मग ऐन. घामानं अंगरखा पाठीला चिकटला आहे आणि पाठीला नळी. हवा जड आहे. चालताना सवयीनं तुम्ही वर बघता. कड्याच्या निम्म्यावर, एखाद्यानं दोरी धरून आखावी तसा, ढगाचा सपाट तळ लागलेला आहे.

"आज ढग कड्याच्या कमरंला बसलाय," वाटाड्या म्हणतो. "वर उन्हं असत्याल."

"कशावरून?"

तो हातातलं गवत बोटांत चुरगळून तुमच्या नाकापुढे धरतो, जणू उत्तर त्यातच आहे. मग पुढे चालू लागतो.

त्याला न सांगता आलेलं, किंवा तुम्हाला सांगायची गरज न वाटलेलं, असं आहे. डोंगरावर चढणारी हवा कोणी बाहेरून थंड करत नाही. वर दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरायला लागणारी ऊर्जा आपल्याच उबेतून खर्च करते. कोरडी असेतोवर दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश सेल्सिअस. तिच्यातल्या बाष्पाला जिथं ही थंडी सोसत नाही तिथं त्याचे थेंब होतात. तोच ढगाचा तळ. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांत पाच अंशांचं अंतर असेल तर हा तळ साधारण सहाशे मीटर वर लागतो. तळ सपाट दिसतो कारण अंतर सगळीकडे सारखंच आहे. खालच्या गवताचा ओलावा ज्याला कळला त्याला वरच्या ढगाची उंची कळली. गवत चुरगळण्याचा अर्थ तो होता, निदान मी तो तसा लावतो.

तुम्ही ढगात शिरता. शिरताना काहीच होत नाही, दार लागत नाही. फक्त पुढचा माणूस आधी राखाडी होतो, मग नुसता कोयत्याचा आवाज होतो. कारवी सुरू झाली आहे, डोक्याच्या वर गेलेली, खरखरीत पानांची, सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी. यंदा तिचं वर्ष नाही. पानांच्या टोकांवरून थेंब गळताहेत आणि पाऊस मात्र पडत नाही. खोडांना बघा. पश्चिमेच्या अंगाला शेवाळ हिरवंगार, बोटभर जाड; पूर्वेच्या अंगाला साल जवळजवळ कोरडी. एकाच झाडाच्या दोन बाजूंना दोन हवामानं. वारा कुठून येतो हे विचारायला कोणाची गरज नाही, झाडं वर्षानुवर्षं तेच लिहून ठेवताहेत.

इथून पुढे थंडी हळू वाढते, हे तुमच्या लक्षात येतं का? खाली चढताना दर वळणाला फरक कळत होता. ढगात तो मंदावला. बाष्पाचं पाणी होताना बाष्पात कोंडलेली ऊब सुटते आणि थंड होत जाणाऱ्या हवेला परत मिळते, म्हणून ढगाच्या आत दर शंभर मीटरला अर्धा अंश, फार तर थोडा जास्त. डोंगर तोच, चढ तोच, पण ढगाखालचा आणि ढगातला हिशेब वेगळा. शाळेच्या पुस्तकात 'उंचीवर गेल्यास तापमान कमी होते' असं एका ओळीत उरकलेलं असतं. ती ओळ लिहिणाऱ्याला या कारवीतून एकदा चालवायला हवं होतं.

एका कपारीशी वाटाड्या थांबतो. नाचणीची भाकरी, वर मिरचीची चटणी. तुम्ही नळी काढून मांडीवर आडवी ठेवता, तान्ह्या पोरासारखी. तो विचारतो, "यात काय हाय?"

"पारा. वर गेलं की उतरतो."

"कशापायी?"

"वर हवा कमी, म्हणून."

त्याला हे पटतं, पण नवल वाटत नाही. "म्हनून गडावर डाळ लौकर शिजत न्हाई," तो म्हणतो आणि भाकरीचा तुकडा मोडतो.

तो जे म्हणाला आणि साहेब पत्र्याच्या भांड्यात जे करतो, ते एकच आहे. वर दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. लवकर उकळतं म्हणजे कमी तापून उकळतं. कमी तापलेल्या पाण्यात डाळ जास्त वेळ घेते. साइक्सनं पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून प्रवाशांना सांगितलं की महागड्या, नाजूक बॅरोमीटरपेक्षा साधा थर्मामीटर आणि पत्र्याचं भांडं घेऊनही उंची मोजता येते. डाळीचं भांडं त्याच्या लेखात नाही.

ढगाबाहेर डोकं निघतं तेव्हा दुपार कलली आहे. एकदम निळं. मागे वळून पाहता तर कोकण नाहीच; तिथं पांढरं पठार पसरलं आहे आणि त्यातून मधे मधे डोंगरांची टोकं. घाम मिनिटभरात वाळतो. ओठ फुटल्यासारखे होतात. हवा आता देशावरची आहे, कोरडी, पूर्वेकडून येणारी. पायांखाली सोनकीची पिवळी फुलं आणि वाळायला लागलेलं गवत. खाली घोट्यापर्यंत चिखल होता. इथं धूळ उडते. सरळ रेषेत बघितलं तर बेलपाडा इथून दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब नसेल.

कडेला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही, सगळेच जातात. पण पालथे पडून जा. कड्याच्या ओठावरून खाली एक वाळकं पान सोडा. ते पडत नाही. दोन हात खाली जातं, थबकतं, मग तुमच्या डोक्यावरून मागे पठारावर येऊन पडतं. कोकणातून आलेला वारा या वाटीसारख्या भिंतीवर आदळून सरळ वर चढतो. पावसाळ्यात तर इथल्या धबधब्यांचं पाणीही उलटं उडतं.

भिंत कुठून आली, त्यासाठी थोडं आणखी मागे जावं लागेल. साडेसहा कोटी वर्षं. क्षणभर डोळे मिटा. पायांखालचं पठार नाही, वितळलेल्या दगडाचा पसारा आहे. एक थर ओतला जातो, निवतो, त्यावर दुसरा. थर थरावर बसून पायऱ्या होतात. अशा खडकाला 'ट्रॅप' म्हणतात आणि स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थच पायरी. मग पश्चिमेकडचा भाग तुटला, खचला आणि पाण्यानं ती धार मागे मागे खात इथवर आणली. उघडा डोळे. बेलपाड्यापासून इथपर्यंतची सुमारे हजार मीटरची चढण म्हणजे ती तुटलेली कड. ती नसती तर अरबी समुद्रावरून येणारी हवा नुसतीच सरकत पुढे गेली असती.

ती सरकत नाही, तिला चढावं लागतं, आणि चढताना ती रिकामी होते. हरिश्चंद्रगडाच्या उत्तरेला घाटमाथ्यावर घाटघर, रतनवाडी आहेत. तिथं पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून अकोले गाव चाळीसेक किलोमीटर पूर्वेला. तालुका एकच, पण तिथं वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. माथा ओलांडलेली हवा खाली उतरते, उतरताना दाबली जाते, दाबली गेली की तापते आणि तापली की तिच्यातले उरलेसुरले ढगही विरतात. महाबळेश्वर, पाचगणी, वाई हा जिना मराठी माणसाला जास्त ओळखीचा: वर सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, एकोणीस किलोमीटरवर पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, खाली वाईत आणखी निम्म्याहून कमी. भूगोलाच्या तासाला आपण त्याला पर्जन्यछाया म्हणतो. सावली म्हटल्यानं काहीतरी थंड, सुखाचं असेल असं वाटतं. अकोल्याच्या पूर्वेला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला तो शब्द कसा वाटत असेल, कोण जाणे.

साहेब तुम्हाला बघत नाही, नळीला बघतो. ती तिकाटण्यावर टांगली जाते, पारा खाली सरकतो आणि सव्वीस इंचांच्याही खाली जाऊन थांबतो. भांडं चुलीवर चढतं. २०४ अंशांच्या आसपास पाणी खळखळायला लागतं. साहेब लिहितो. त्याच्या बाजूला घोडा उभा आहे. पाचनईकडून आणलेला असावा, कारण तुम्ही आलात त्या वाटेनं घोडा येणं शक्य नाही.

रात्र केदारेश्वराच्या गुहेजवळ. आत कमरेएवढ्या पाण्यात भली मोठी पिंड, भोवती चार खांबांची जागा आणि त्यातला एकच खांब धड. पाण्यात पाय घातलात तर कळ डोक्यापर्यंत जाते. गुहेला दिवसरात्र नसते. ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही, म्हणून बाहेरच्या चढउताराचं पाण्याला फारसं काही नाही. इथं आलेल्यांपैकी एक चांगदेव. शके १२३४, म्हणजे १३१२ साली त्यांनी या गडावर 'तत्त्वसार' रचला. तुम्ही अर्धवट झोपेत त्या शतकातही डोकावून येता: तीच गुहा, तीच कळ, बाहेर तेच धुकं. पाचशे वर्षांत इथं नवीन आलं ते एक पत्र्याचं भांडं.

बिगारी शेकोटीभोवती हलक्या आवाजात बोलतात. गडकोटांवरच्या पहाऱ्याची कामं गेली, त्याबरोबरची वेतनं गेली, साहेब लोक मोजून घेतात आणि देत काही नाहीत. १८३०च्या आसपास याच डोंगरांत रामजी भांगरे यांच्याबरोबर कोळी उठणार आहेत. हे तुम्हाला माहीत आहे आणि शेकोटीभोवतीच्या माणसांना नाही. तुम्ही विस्तवात काटकी सारता.

पहाटे पाचनईहून दोघं दूध घेऊन चढून येतात. कानाला फडकं, दात वाजताहेत. "खाली लई गारठा," ते म्हणतात. "हितं बरं हाय." तुम्ही चक्रावता. कालचा सगळा दिवस वर थंड, खाली गरम असं शिकण्यात गेला. पण शांत, निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते, तिला टेकलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत खोऱ्याच्या तळाशी साचते. खाली बघा. पाचनईच्या खोऱ्यात धुराची एक सपाट चादर आहे. चुलींचा धूर थोडा वर जातो आणि अदृश्य छताला लागल्यासारखा आडवा पसरतो. त्या छताखाली थंड हवेचं डबकं, वर उबदार पट्टा. महाबळेश्वरला हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं आणि वर बाजारपेठेत गोठत नाही, त्याचं कारण हेच. ऊन आलं की डबकं ढवळलं जाईल आणि तासाभरात डोंगर पुन्हा पुस्तकातल्या नियमाप्रमाणे वागू लागेल.

तेवढ्यात कड्याकडून ओरडा ऐकू येतो.

पळत जाता. सूर्य नुकताच वर आला आहे, तुमच्या पाठीशी, अगदी खाली. समोर कोकणातलं धुकं भिंतीसारखं उभं. कड्याच्या ओठापेक्षा किंचित उंच, पण पठारावर न येणारं. आणि त्या धुक्यात कमान नव्हे, अख्खं वर्तुळ. बाहेर तांबडं, आत निळं. निम्मं तुमच्या पायांच्या वर, निम्मं खाली, जिथं जमीनच नाही तिथं. मध्यभागी आकृत्या: एक घोडा, एक टोपी, काही माणसं.

साहेब गप्प आहे. बिगारी गप्प नाहीत.

"कोन हाय त्ये?"

"आपुनच."

"आपुन हितं हाय. त्ये तिथं कसं?"

मग एकजण उजवा हात वर करतो. धुक्यातला एकजण हात वर करतो. तो पाय उचलतो. धुक्यात पाय उचलला जातो. दुसरा कमरेत वाकतो. तिसरा दोन्ही हात फिरवतो, थांबतो, एकदम पुन्हा फिरवतो, चुकवायला बघावं तसं. क्षणात सगळे वेडेवाकडे नाचताहेत आणि समोरच्या रंगीत चौकटीतही तेच चाललं आहे.

बेलपाडा, कारकून, तुमच्या पाठीवरची नळी, हा आश्विन, हे सगळं मी तुम्हाला इथवर आणायला जमवलेलं आहे. हे दृश्य मात्र साइक्सनं स्वतः लिहून ठेवलं आहे: धुक्याची भिंत, पाठीशी सूर्य, घोडा, माणसांच्या सावल्या, त्यांचे हातवारेसुद्धा. वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त नसावा, असाही अंदाज त्यानं दिला. दख्खनच्या हवेवरचा त्याचा मोठा निबंध रॉयल सोसायटीनं १८३५ साली छापला. अशा वर्तुळाला इंद्रवज्र म्हणतात, आणि छापल्याच्या सालामुळे गडावर येणारे बरेचजण 'साइक्सनं १८३५ साली इंद्रवज्र पाहिलं' असं सांगतात. प्रत्यक्षात तो १८३१मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. साल छापण्याचं आहे, पाहण्याचं नाही.

त्याच्या लिहिण्यात हातवारे गंमत म्हणून येतात: अडाणी माणसांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी अंगविक्षेप केले. मला ते वाचताना नेहमी उलट वाटतं. त्या पहाटे कड्यावर प्रयोग केला तो बिगाऱ्यांनी. शंका आली, एक गोष्ट मुद्दाम बदलली, समोर काय बदलतं ते पाहिलं, फसवण्याचा प्रयत्न करून पुन्हा पाहिलं. नोंद वहीत गेली साहेबाच्या नावानं. त्यांची नावं गेली नाहीत.

आता तुम्ही एक करा. शेजारच्याला विचारा, वर्तुळ कोणाच्या डोक्याभोवती आहे?

"माझ्या," तो म्हणतो.

पण तुम्हाला ते तुमच्या डोक्याभोवती दिसतंय. त्याच्या डोक्याभोवती नाही. साहेबाला विचारलंत तर तो स्वतःच्या टोपीकडे बोट दाखवेल. धुक्याचे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. सूर्याचा प्रकाश त्यांच्यात शिरून, काठाकाठानं वळून, जवळजवळ आल्या वाटेनं परत फिरतो. म्हणून केंद्र नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीवर. दहा माणसं उभी असतील तर दहा वर्तुळं, प्रत्येकाला एकच दिसणारं. थेंब जितके लहान तितकं वर्तुळ मोठं. म्हणजे हातात काही नसताना तुम्ही ढगाचे थेंबही मोजू शकता. १८९४ साली स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत सी. टी. आर. विल्सन नावाच्या तरुणाला असंच वर्तुळ दिसलं. घरी जाऊन काचेत ढग करून बघायच्या खटपटीतून त्याची अभ्रपेटी निघाली, तिच्यात अणूहून लहान कणांच्या वाटा दिसल्या आणि १९२७मध्ये त्याला नोबेल मिळालं. मराठी मुलखातही ढगांचे थेंब मोजले जातात. २०१२ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं महाबळेश्वरला डोंगरावर ढग-प्रयोगशाळा उभारली, तिथं पावसाळ्यात ढग खिडकीतूनच आत येतो.

तुमच्या काळात या डोंगरांचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालेलं आहे, १९८६पासून. तुमच्या खिशात फोनही असतो आणि त्यावर एक आकडा असतो: आज इथं अमुक अंश. मे २०२५मध्ये सुरू झालेली भारताची जागतिक अंदाज-प्रणाली देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करते. जगातल्या अशा प्रणालींत ही बारीकच म्हणायची. तरी बेलपाड्याचं भात, कारवीतला ढग, इथली धूळ आणि हे वर्तुळ, सगळं एकाच चौकोनात मावू शकतं. चौकोनाला उंची माहीत असते, पण एकच.

वर्तुळ फिकट होतं. सूर्य चढला, तसं ते खाली खाली सरकत कड्याच्या पोटात गेलं. बिगारी हसत पांगतात. साहेब बोटानं खूण करतो: नळी खाली न्यायची आहे, कारकुनाच्या नळीशी पुन्हा ताडून बघायची आहे.

वाटाड्या ती तिकाटण्यावरून उतरवतो आणि तुमच्या हातात देतो. हळू हळू आडवी करता. पारा वर सरकत जातो, रिकामी जागा कमी कमी होते, आणि शेवटी बंद टोकाला लागताना बारीक, धातूचा आवाज येतो. टक्. असा आवाज आला म्हणजे आत हवा शिरलेली नाही. नळी उलटी पाठीवर.

उतरताना तेच सगळं मागे पडतं: धूळ, सोनकी, मग डोकं राखाडीत, कारवीचे थेंब, मग एकदम जड हवा आणि अंगरखा पाठीला. दुपार टळता टळता खाचरं लागतात. कारकून झाडाखालीच आहे, डोळे लाल. त्यानं तीन दगडांवर मडकं ठेवलं आहे. तुम्ही पाठीवरचं ओझं उतरवून तिकाटण्याला टांगता, तोंड धुता, आणि वळून बघता तोवर डाळ शिजलेली असते.